तोत्तोचानची आई आणि आपली घरशाळा

आपल्या बायकांच्या हातातून गेली काही वर्षं एक पुस्तक फिरतंय. 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी आपल्या लहानपणच्या शाळेवर लिहिलेलं. जपानीत ते १९८१ साली आलं. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलं आणि नॅशनल बुक ट्रस्टने काढलं. पोर पहिलीत जायच्या वयाला आलं की त्याच्या आईला हे पुस्तक भेट द्यायची आता रीतच पडली आहे. चांगली रीत आहे. पुस्तक वाचून आयांचे डोळे भरून येतात, आणि येणारच.

पण अलीकडे भगिनी मंडळात, बस्तीतल्या स्वाध्यायानंतरच्या गप्पांत, हेच पुस्तक पुढे करून एक वेगळी गोष्ट ऐकू येते. "अक्का, हे वाचल्यापासून माझं ठरलंय बघा. पोरीला शाळेत घालायचीच नाही. घरीच शिकवायचं." म्हणणारी बहुतेक शिकलेली असते, बी.एस्सी. नाही तर बी.कॉम. लग्न होऊन निपाणीला, चिकोडीला नाही तर बेळगावच्या शहापुरात आलेली. तिच्यापुढे तीन वाटा असतात. गल्लीतली सरकारी मराठी शाळा, बस पाठवून पोरं गोळा करणारी इंग्रजी शाळा, आणि आता ही तिसरी, घरशाळा. पहिली वाट बहुतेक घरांत चर्चेलासुद्धा येत नाही. दुसरीची फी बघून नवरा गप्प होतो. मग तिसरी स्वस्त वाटते, संस्कारांची वाटते, आणि पुस्तकाचा आधारही मिळतो.

पोराच्या आयुष्याचा निर्णय जर पुस्तकाच्या जोरावर होणार असेल, तर ते पुस्तक नीट वाचलं पाहिजे. या लेखात मला तेच करायचं आहे. 'तोत्तोचान' आणि तिच्यासोबत हमखास नाव घेतलं जाणारं गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न', ही दोन पुस्तकं खरोखर काय सांगतात ते बघायचं, आणि मग आपल्या सीमाभागात येऊन विचार करायचा.

तोत्तोचानला पहिलीतच शाळेतून काढतात. ती बाकाचं झाकण शंभर वेळा उघडते-मिटते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते, पाखरांशी बोलते. बाई वैतागतात. आईला बोलावून सांगतात, हिला दुसरीकडे न्या. आता इथं थांबा आणि बघा, आई काय करते. ती लेकीला सांगत नाही की तुला काढून टाकलंय. हे तिनं पोरगी वीस वर्षांची होईपर्यंत पोटात ठेवलं. आणि ती लेकीला घरी बसवत नाही. वडील व्हायोलिन वाजवणारे, घर सुशिक्षित, आई हौशी. घरी शिकवणं तिला जड नव्हतं. तरी ती दुसरी शाळा शोधायला निघते आणि तिला तोमोए गाकुएन सापडते. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी, पन्नासेक मुलांची शाळा. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी या पोरीला समोर बसवून घेतात आणि म्हणतात, बोल, काय सांगायचंय ते सांग. ती चार तास बोलते. ते चार तास ऐकतात.

सगळ्या आया या चार तासांवर भाळतात. मीही भाळले. पण पुस्तक तिथं संपत नाही, सुरू होतं. तोत्तोचान तिथं जे शिकते ते कोणाकडून शिकते? पोलिओ झालेल्या यासुआकीला ती झाडावर चढवते. केवढी धडपड, घाम फुटतो दोघांना, शिडी आणून, ओढून, ढकलून. त्याची उंची वाढत नाही असा ताकाहाशी, त्याला जिंकता येईल अशा शर्यती कोबायाशी गुरुजी मुद्दाम रचतात. डब्यात थोडं समुद्राचं, थोडं डोंगराचं असलं पाहिजे असा नियम करतात, म्हणजे गरिबाच्या डब्यातली साधी भाजीसुद्धा नियमात बसते आणि कोणाला आपला डबा लपवावा लागत नाही. यातली एक तरी गोष्ट घरात बसून शिकता येते का, सांगा. यासुआकी घरी येत नाही. यासुआकी शाळेत भेटतो.

म्हणजे शाळेवर रागावलेल्या आया जे पुस्तक छातीशी धरतात, ते शाळेच्या प्रेमाचं पुस्तक आहे. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तोमोए जळून गेली. ज्या बाईनं चाळीस वर्षांनी तिच्यासाठी एवढं पुस्तक लिहिलं, ती शाळा नको असं म्हणत नाही. अशी शाळा प्रत्येकाला मिळो, असं म्हणते.

यावर उत्तर तयार असतं. "पण अक्का, निपाणीत तोमोए कुठाय?" रास्त प्रश्न आहे. त्यासाठी दुसरं पुस्तक उघडू या.

'दिवास्वप्न' गुजरातीत लिहून नव्वद वर्षं होऊन गेली. गिजुभाई मूळचे वकील. आपल्याला मुलगा झाला, त्याला कसं शिकवावं या काळजीतून त्यांनी माँटेसरीबाईंची पुस्तकं वाचायला घेतली. तुमच्या-माझ्यासारखीच सुरुवात. पण पुढे त्यांनी घराचं दार लावून घेतलं नाही. १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. स्वतःच्या पोराची काळजी दुसऱ्यांच्या पोरांपर्यंत गेली. आणि 'दिवास्वप्न'मध्ये त्यांनी आपल्या कथेतल्या मास्तराला कुठं पाठवलं, तर साध्यासुध्या सरकारी प्राथमिक शाळेत, चौथीच्या वर्गावर. वर्षभराची परवानगी काढून. पहिल्याच दिवशी हा मास्तर पुस्तकात वाचलेला शांततेचा खेळ मुलांना खेळायला लावतो आणि फजिती होते. वर्गात नुसता गोंधळ. मग तो गोष्टींवर येतो, आणि पोरं हळूहळू जवळ येतात. पुस्तकी पद्धत घेऊन घरी बसलेल्या आईने हे पहिलं प्रकरण दोनदा वाचावं. वर्गातली पोरं ओरडून, पळून, जांभया देऊन मास्तराला सांगतात की तुझं चुकतंय. घरातलं एकटं पोर आईला सांगत नाही. ते आईवर माया करतं, म्हणून गप्प बसतं.

गिजुभाईंच्या सोबत काम केलेल्या ताराबाई मोडक आपल्या मराठी. त्यांनी पुढे ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांबरोबर काम केलं. आज गावोगाव जिला आपण अंगणवाडी म्हणतो, ती कल्पना त्यांच्या कामातून आली. आदिवासी पोरं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर त्यांनी गुरांच्या मागे कुरणशाळा नेली. पोर शाळेत येईना तर शाळा पोरापाशी गेली. आपल्याला कोल्हापूर फार लांब नाही. तिथं लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मराठी माध्यमातच, परीक्षेची भीती न घालता, पोरं हसत शिकतात हे दाखवलं. या सगळ्या बायकांना शाळेचे दोष आपल्यापेक्षा जास्त माहीत होते. चीडही जास्त होती. त्यांनी त्या चिडीपोटी शाळा बदलली.

आता घरशाळेची बाजूही पूर्ण मांडली पाहिजे. आपण अनेकान्त मानणारे लोक, समोरच्याचा नय ऐकून घेतल्याशिवाय बोलणं आपल्याला शोभत नाही.

घरी शिकून मोठं यश मिळवलेली मुलं आहेत. मुंबईच्या मालविका जोशीचं नाव २०१६ मध्ये सगळ्या पेपरांत आलं होतं. सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढलं. पुढे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली, आणि दहावी-बारावीचा दाखला नसताना अमेरिकेच्या एमआयटीत तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. आपल्याकडच्या आयआयटीने मात्र बारावी नाही म्हणून दार उघडलं नसतं. ही खरी गोष्ट आहे आणि तिच्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला आणि पोराला शाळेत घालणं हे आईबापांचं कर्तव्य ठरवलं. पण न घालणाऱ्या आईबापांना त्यात दंड नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकायचा हक्कही दिला. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. तेव्हा घरी शिकवणाऱ्या आईला पोलिस धरून नेणार नाहीत. आणि काही पोरांना घर हेच बरं असतं, यात शंका नाही. ज्याला वर्गात रोज मार बसतो, ज्याचं रोज हसं होतं, जे रात्री अंथरूण ओलं करायला लागलंय, त्या पोराला उद्याच्या उद्या त्या शाळेतून काढा. मुहूर्त बघत बसू नका.

पण मालविकाच्या गोष्टीतलं एक वाक्य आपल्या बायका भरभर वाचून पुढे जातात. तिला शिकवायला आईने नोकरी सोडली. वडिलांनी नाही. घरशाळेत मास्तर कोण, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. सकाळी पाणी भरायचं, चहा-नाष्टा, सासऱ्यांचं गाळलेलं पाणी आणि सूर्यास्ताआधीचं जेवण, आल्यागेल्याचं बघायचं, आणि त्यात आता पोराची भाषा, गणित, विज्ञान. शाळेला रविवार तरी असतो. या मास्तरणीला पगार नाही, सुट्टी नाही, बदली नाही. आणि पोरगा मागे पडला तर बोल तिलाच. "दिवसभर घरीच तर असतीस, एवढं पण शिकवता येईना?" हे वाक्य आज बोललं गेलं नसेल. दहा वर्षांनी नक्की बोललं जाईल.

आणि आपण बायकांनी घरशाळा काही नव्यानं बघितलेली नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला तीच होती. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात, आजच्या कर्नाटकातच. त्यांना संस्कृत शिकवलं आई लक्ष्मीबाईंनी. वडील म्हातारे झालेले, घरकामाचा डोंगर, म्हणून ही माउली पहाटे पोरीला उठवून शिकवायची. त्याहून चांगली घरशाळा मराठी मुलखात झाली नसेल. वीस वर्षांची रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला गेली तेव्हा तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. आता पुढचं बघा. एवढं उत्तम शिक्षण घरी मिळालेल्या या बाईने मोठं झाल्यावर काय मागितलं? १८८२ च्या हंटर कमिशनपुढे तिनं मुलींसाठी शिक्षिका हव्यात, स्त्री-डॉक्टर हव्यात, असं सांगितलं, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. घरात शिकलेलीलाच नीट कळलं होतं की प्रत्येक पोरीच्या नशिबी लक्ष्मीबाई नसते. आनंदीबाई जोशींना, रमाबाई रानड्यांना नवऱ्यांनी घरी शिकवलं. त्या शिकल्या, पण त्यांच्या आळीतल्या बाकीच्या पोरी नाही शिकल्या. सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे झेलत मुली शाळेत आणल्या, त्यानंतर गल्लीतली कोणतीही मुलगी, बाप कसा का असेना, शिकू शकली. शाळेचा उंबरा आपल्यासाठी एवढा महाग पडलाय. तो सोडताना निदान किंमत ठाऊक असावी.

धर्माचा आधार घेऊन बोलणाऱ्याही भेटतात. भगवान ऋषभदेवांनी आपल्या मुलींना घरीच शिकवलं ना! ब्राह्मीला लिपी, सुंदरीला अंक. आदिपुराणातला हा प्रसंग आपल्या प्रत्येक प्रवचनात येतो आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात बाप मुलींना आधी शिकवतो. पण ब्राह्मीची लिपी राजवाड्यात राहिली नाही. तिच्याच नावानं ती जगाची झाली असं आपण मानतो. त्याच ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसी, कृषी शिकवली. ती कथा विद्या वाटण्याची आहे. आणि स्वाध्याय म्हणजे एकट्यानं बसून वाचणं असं ज्यांना वाटतं त्यांनी तत्त्वार्थसूत्रातले त्याचे पाच भेद आठवावेत. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. विचारायला कोणी तरी लागतं, सांगायला कोणी तरी लागतं. आपला स्वाध्यायसुद्धा माणसांत बसून होतो.

निपाणीच्या जवळच स्तवनिधीला १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने शेतीभाती विकून वर्गण्या दिल्या, त्या कशासाठी? कोल्हापूरला, सांगलीला, बेळगावला, हुबळीला बोर्डिंगं निघाली. खेड्यातल्या पोराला शहरातल्या शाळेत जाता यावं म्हणून. घरातले संस्कार बिघडतील अशी भीती तेव्हाही होती. म्हणून बोर्डिंगात दर्शन होतं, पाठ होते, रात्रीचं जेवण नव्हतं. पण दिवसा पोरगा शाळेत बसत होता, सगळ्यांच्या पोरांबरोबर. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोर न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया म्हणजे काय ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

आणि याच बोर्डिंगात शिकायला आलेला कुंभोजचा भाऊराव पाटील. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं, असं कर्मवीरांच्या चरित्रांत येतं. ही आपल्या समाजाची गोष्ट आहे, कडू असली तरी आपलीच. त्या मुलानं पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. एक जैन बाई दुसऱ्यांच्या पोरांच्या शाळेसाठी गळा मोकळा करते, आणि शंभर वर्षांनी आपण विचारतो की आपलं पोर दुसऱ्यांच्या पोरांशेजारी बसलं तर काय होईल?

शब्द जरा कडक झाले, पण आतली गोष्ट हीच आहे. संस्कार, पद्धत, प्रयोग हे सगळं बाजूला केलं की खाली एक वाक्य सापडतं. "तिथं कसली कसली पोरं येतात." निपाणीच्या सरकारी मराठी शाळेत कोणाची पोरं येतात ते आपल्याला माहीत आहे. तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायकांची, घरी विड्या वळणाऱ्यांची, ऊसतोडीला आलेल्यांची. आपल्यातल्या कित्येक घरांची दोन पिढ्यांची भरभराट त्याच तंबाखूवर झाली. त्या बायकांच्या मुलीही एके काळी घरीच शिकत होत्या, हे विसरू नका. पान कापायला, विडी वळायला, धाकट्याला सांभाळायला. घरी राहिलेल्या पोरीला घर जे देऊ शकतं तेच मिळतं. आपल्या घरात पुस्तकांचं कपाट आहे म्हणून आपल्याला घरशाळा गोड वाटते.

मग अंड्याचा प्रश्न येतो. तो मला टाळायचा नाही. कर्नाटकात शाळेच्या जेवणाला आपण 'बिसियूट' म्हणतो. त्यात अंडी द्यायचं सरकारनं ठरवलं आणि २०२२ मध्ये ते राज्यभर नेलं, तेव्हा आपल्या आणि लिंगायत समाजातूनही विरोध झाला. अंडी न खाणाऱ्या पोराला केळं मिळतं. तरी आयांचा जीव खालीवर होतो. "शेजारचं पोर अंडं खातंय आणि माझी तिथंच बसलीय." मी समजू शकते. पण जरा विचार करा. आपली पोरगी मोठी होऊन बेंगळूरला, पुण्याला जाईल, तिथल्या कँटीनमध्ये बसेल. तेव्हा तिला कोण सांभाळणार? सहा वर्षांची असताना जी पोरगी 'मी केळं घेते' म्हणून सरळ सांगते, शेजारणीच्या ताटाकडे तोंड वाकडं करत नाही आणि स्वतःचं व्रतही मोडत नाही, तिचा नियम पक्का होतो. ज्याला कधी कोणी दुसरं काही देऊच केलं नाही, त्याचा नियम आईचा असतो, त्याचा नसतो. अहिंसा ताटापुरती नाही. शेजारणीला कमी न लेखणं हीसुद्धा अहिंसाच, आणि ती शेजारीण असल्याशिवाय शिकता येत नाही.

राहिला भाषेचा प्रश्न. सीमाभागात शाळा निवडणं म्हणजे भाषा निवडणं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मराठी माणसं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आलो. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३५० अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यानं करावी, असं ते सांगतं. या सोयीचं गल्लीतलं नाव म्हणजे आपली सरकारी मराठी शाळा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं की सरकार मातृभाषेचं माध्यम लादू शकत नाही, माध्यम पालक निवडतील. बरोबर आहे. पण निवड पालकांवर आली म्हणजे जबाबदारीही आली. मोर्चाला जाऊन 'मराठी शाळा वाचवा' म्हणायचं आणि पोराचं नाव मात्र तिथं घालायचं नाही, यानं पट घटतो. पट घटला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की उरलेल्या आयाही पोरं काढतात. शाळेला कुलूप लागायला सरकारच लागतं असं नाही.

घरशाळेत मराठी तरी टिकेल का? आपण बघतोच, घरी शिकवायचं म्हणून मागवलेली पुस्तकं आणि व्हिडिओ इंग्रजीत असतात. मराठी उरते ती 'जेवलीस का' एवढी. आणि कन्नड? तो विषय तर कोणी काढतच नाही. पण इथंच राहायचं, तर जमिनीची पहाणी कन्नडात येते, कोर्टाचा कागद कन्नडात येतो, दवाखान्यातली नर्स कन्नडात बोलते. सरकारी मराठी शाळेतलं पोर वर्गात मराठी शिकतं आणि सोबत कन्नडही लिहा-वाचायला शिकतं. ते एसएसएलसीला पोहोचेपर्यंत दोन्ही घरांत वावरू लागतं. भांडण मोठ्यांचं असेल, पोरांना दोन भाषा मिळतात. निपाणीचंच देवचंद कॉलेज बघा. गावच्याच एका शहा व्यापाऱ्याच्या नावाचं, आणि उभं हद्दीपलीकडे, कागल तालुक्यातल्या अर्जुननगरात. पोरं चालत जातात, चालत येतात. शिक्षणासाठी आपल्या माणसांनी हद्दीतूनसुद्धा वाट काढली.

सरकारी शाळा चांगली आहे असं मी म्हणत नाही. एका गुरुजींवर दोन-दोन वर्ग असतात, मराठी शिक्षकाची जागा रिकामी राहते, अतिथी शिक्षकावर वर्ष निघतं, गुरुजी निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जातात. पोरींचं संडास बंद असतं आणि किल्ली सापडत नाही. हे सगळं खरं आहे. पण या शाळेत एक गोष्ट आहे जी फीच्या शाळेत नसते. तिच्या शाळा सुधारणा समितीत, एसडीएमसीत, पालक बसतात आणि आईसुद्धा बसू शकते. शिकलेल्या, बोलता येणाऱ्या, अर्ज लिहिता येणाऱ्या आया जर सगळ्या घरशाळेत आणि इंग्रजी शाळेत गेल्या, तर त्या समितीत उरते कोण? दिवसभर वखारीत राबून आलेली बाई, जिची एक दिवसाची मजुरी सभेला गेल्यावर बुडते. संडासाची किल्ली मागायला तिला एकटीला पाठवून आपण घरात माँटेसरीचे मणी मोजत बसायचं, हे मला पटत नाही.

म्हणून माझं मत असं. पोर आजारी, छळलेलं किंवा तीव्र अपंग असेल तर घर. पण तेव्हा नवऱ्यानेही तासांची वाटणी लिहून द्यावी, आणि पोराला रोज दुसऱ्या पोरांत नेणारं काही तरी असावं, मग ती पाठशाळा असो, मैदान असो, वाचनालय असो. पोर धडधाकट असेल तर गल्लीतली मराठी शाळा आधी आत जाऊन बघा. बाहेरून नाही. दोन दिवस वर्गात मागे बसा, गुरुजींशी बोला. अगदीच जमण्यासारखी नसेल तर दुसरी शोधा, तोत्तोचानच्या आईने शोधली तशी. आणि घरी जे शिकवायची हौस आहे ते संध्याकाळी शिकवा. गोष्टी सांगा, णमोकार म्हणून घ्या, पीठ मळता मळता अपूर्णांक शिकवा. पोरगी घरी आली की कोबायाशी गुरुजींसारखं तिच्यासमोर बसा. चार तास कोणाला आहेत? पंधरा मिनिटं बसा, मोबाईल लांब ठेवून. आज कोणाशेजारी बसलीस, कोण रडलं, कोणाच्या डब्यात काय होतं, हे विचारा.

घरशाळा काढायला निघालेल्या प्रत्येक आईकडे वेळ आहे, शिक्षण आहे, पोराबद्दल कळकळ आहे. सरकारी मराठी शाळेत नेमकं तेच कमी पडतंय. जूनमध्ये नावं घालायला सुरुवात होते. एसडीएमसीची सभा कधी आहे, तेवढं त्याच दिवशी विचारून या.